पावसाळ्यानंतरची पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन: बेळगावच्या माणसानं तयारी कुठून सुरू करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत शिफ्टची नोकरी. १० किलोमीटर ५८ मिनिटांत धावता. हायब्रिड सायकल आहे. लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलात, पण स्विमिंग टँकमध्ये १०० मीटर झाले की दम लागतो. ऑक्टोबरच्या अखेरीस गोव्याच्या किनाऱ्यावर स्प्रिंट ट्रायथलॉन आहे, हातात दहा आठवडे आहेत, आणि त्यासाठी कर्ज काढून रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची हलकी वेगवान सायकल, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. निदान या स्पर्धेसाठी तरी नको. हिशेब साधा आहे. स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. बऱ्या हायब्रिडवर ताशी २४-२५ किलोमीटरनं २० किलोमीटरला ४८ ते ५० मिनिटं लागतील. तुमच्याच पायांनी रोड बाईकवर त्यातली तीन-चार मिनिटं वाचतील. पोहण्याचं मात्र मिनिटांत मोजण्यासारखं नाही. १०० मीटरला दम लागणारा माणूस समुद्रात ७५० मीटर कसा पार करणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न हवेचा. बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर आहे. पावसाळाभर गार हवेत सराव करायचा आणि एकदम किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात जोर लावायचा, यात आपल्या भागातली चांगली तयारीची माणसंही धावण्याच्या टप्प्यात ढेपाळतात. सायकल तिसऱ्या क्रमांकावर येते.

२०१९ पासून गोव्यात ७०.३ प्रकारची आयर्नमन सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडे ट्रायथलॉन म्हटलं की १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं हेच डोळ्यांसमोर येतं, आणि त्यासोबत महागडं सामानही. स्प्रिंट त्यामानानं फार लहान आहे. नोकरी सांभाळून, आठवड्याला पाच-सहा तासांत तिची तयारी होते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. शिफ्ट दर आठवड्याला बदलते का, टँक तुमच्या वेळेला उघडा असतो का, आयोजकांनी प्रत्येक टप्प्याला किती वेळेची मर्यादा ठेवली आहे, हे मला माहीत नाही. वेळमर्यादा नियमपुस्तिकेत आजच बघून घ्या, कारण पुढचे सगळे आकडे तिच्याशी ताडून पाहायचे आहेत. आणि सराव वाढवण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी तपासून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा वाचणारा चाळिशीच्या पुढचा असेल, तर स्ट्रेस टेस्टबद्दलही विचारा. ट्रायथलॉनमध्ये जे थोडे मृत्यू होतात त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात, आणि त्यामागे बऱ्याचदा आधी न कळलेला हृदयाचा त्रास असतो. म्हणून ही तपासणी टाळू नका.

आता पोहण्याकडे येऊ. १० किलोमीटर ५८ मिनिटांत धावणाऱ्या माणसाची छाती कमजोर नसते. तरीही १०० मीटरला दम लागतो, याचं कारण पोहण्याच्या पद्धतीत आहे. विहिरीत शिकलेला माणूस डोकं वर ठेवून पोहतो. डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग पाण्यात तिरकं होतं आणि प्रत्येक हाताला दुप्पट पाणी ढकलावं लागतं. त्यात श्वास आत कोंडून ठेवायची सवय असते. तोंड वर आलं की त्या अर्ध्या सेकंदात श्वास सोडायचाही आणि घ्यायचाही प्रयत्न होतो. सोडणं अर्धवट राहतं, छातीत कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि हवा पुरत नाही असं वाटायला लागतं. हा दम पळण्यानं वाढणाऱ्या ताकदीनं जात नाही. श्वास पाण्यात सोडायची सवय लागली की जातो.

म्हणून पहिले तीन आठवडे अंतर विसरा. दर वेळी पाण्यात उतरल्यावर खांद्याइतक्या पाण्यात उभं राहून वीस बुड्या मारा. तोंड पाण्यात असताना चार आकडे मोजत नाका-तोंडातून बुडबुडे सोडायचे, वर आल्यावर फक्त घ्यायचं. मग कठड्याला धरून, नंतर एक हात पुढे ताणून कुशीवर राहून पाय मारत २५ मीटरचे चार फेरे. यात कान पाण्यात आणि नजर तळाकडे राहायला शिकते. त्यानंतर फ्रीस्टाइलचे २५ मीटरचे बारा फेरे, प्रत्येकामागे २० सेकंद थांबून, आणि ५० मीटरचे चार ते सहा, प्रत्येकामागे ३० सेकंद थांबून. तिसऱ्या हातावर श्वास घ्या, म्हणजे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. समुद्रात लाट एका बाजूनं येत असते आणि त्या बाजूला तोंड उघडलं की खारं पाणी आत जातं. दोन्ही बाजू येत असतील तर निवड तुमच्या हातात राहते. पाय फार मारू नका. पायांना पुढे २५ किलोमीटरचं काम आहे, आणि मांडीचे मोठे स्नायू पाण्यात जोरात चालवले की दम तिथेच संपतो.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात १०० मीटरचे आठ फेरे, मध्ये २० सेकंद विश्रांती. वेग असा ठेवा की आठवा फेरा पहिल्याइतक्याच वेळात व्हावा. पहिला २ मिनिटं २० सेकंदांत आणि आठवा साडेतीन मिनिटांत, अशी पोहणारी माणसं स्पर्धेत बरोबर तशीच फसतात. तुमच्यासाठी १०० मीटरला पावणेतीन ते तीन मिनिटं हा योग्य वेग आहे. त्या वेगानं ७५० मीटरला साडेवीस ते साडेबावीस मिनिटं लागतात. याच काळात आठवड्यातून एक दिवस ३०० मीटर न थांबता. सातव्या ते नवव्या आठवड्यात ३०० मीटरचे तीन फेरे, आणि एक दिवस सलग ७५० मीटर, मग जमल्यास सलग १००० मीटर.

स्पर्धा ७५० मीटरची असताना १००० कशाला, तर टँकमध्ये भिंत मदत करते. २५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे ३० फेरे, आणि मध्ये २९ वेळा भिंतीला पाय लावून ढकलता. प्रत्येक ढकलण्यात तीन-चार मीटर फुकट मिळतात आणि हातांना क्षणभर आराम मिळतो. समुद्रात भिंत नाही, शिवाय सरळ रेषेत कुणी पोहत नाही. नजर चुकली की ७५०चे सहज ८५० होतात.

ही नजर टँकमध्येच शिकता येते. दर सहा-आठ हातांनी फक्त डोळे पाण्यावर येतील इतकंच डोकं पुढे उचलायचं, समोरची एखादी खूण बघायची आणि मग कुशीवर वळून श्वास घ्यायचा. बघणं आणि श्वास घेणं एकाच वेळी करू नका, कारण त्यात डोकं फार वर येतं आणि पाय बुडतात. दुसरा सराव म्हणजे रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून सहा हात मारायचे आणि आपण कुठल्या बाजूला सरकतो ते बघायचं. प्रत्येकाचा एक हात जास्त ओढतो. तिसरा, भिंतीच्या दोन मीटर आधीच वळायचं, भिंतीला हात लावायचा नाही. चौथा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: दोन मित्रांना घेऊन तिघांनी एकाच लेनमध्ये खेटून पोहायचं. कोपर लागतं, पायाला कुणाचा तरी हात लागतो, गॉगल सरकतो. हे पहिल्यांदा समुद्रात अनुभवायचं नाही.

खुल्या पाण्याचं आपल्याकडे अवघड आहे. राकसकोप जलाशयाचं पाणी शहराच्या पिण्याचं आहे, तिथे पोहण्याचा विचारही नको. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय या नद्या या दिवसांत फुगलेल्या आणि गढूळ असतात, ओढ कुठे आहे ते वरून कळत नाही. गोव्याचा समुद्रही सप्टेंबर संपेपर्यंत खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात. राहिली विहीर. तुमच्या ओळखीची, पायऱ्यांची, काठ भक्कम असलेली विहीर असेल, वर दोन माणसं दोर आणि फुगवलेली ट्यूब घेऊन उभी असतील, तरच तिचा उपयोग आहे. तिथे अंतर होत नाही. पण पायाखाली तळ नाही, पाणी काळं आहे, आणि तरीही श्वास शांत ठेवून दहा मिनिटं तरंगायचं आणि गोल फिरायचं, ही सवय टँकमध्ये मिळत नाही. लहानपणी विहिरीत उड्या मारलेल्या माणसाला गढूळ पाण्याची भीती कमी असते, आणि तुमच्याकडे ते भांडवल आधीच आहे. शिकायचा आहे तो फक्त श्वास. मुसळधार पावसानंतर चार-पाच दिवस मात्र विहिरीत उतरू नका. काठाची माती सुटलेली असते आणि कचरा, किडे-मुंग्या पाण्यात आलेल्या असतात.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी एक दिवस ठरवा. त्या दिवशी टँकमध्ये ७५० मीटर सलग आणि घाई न करता झालं पाहिजे, आणि बाहेर आल्यावर लगेच दोन वाक्यं नीट बोलता आली पाहिजेत. हे झालं नाही तर यंदा समुद्रात उतरू नका. आयोजकांकडे रिले, म्हणजे टप्पे वाटून घेण्याची सोय, असेल तर पोहणारा साथीदार शोधा, ड्युएथलॉनचा (नुसतं धावणं आणि सायकल) गट असेल तर नाव तिकडे वळवा. नावनोंदणीचे पैसे गेले म्हणून पाण्यात उतरणं, यासारखं चुकीचं कारण दुसरं नाही.

आठवड्याची घडी सांगायची तर तीनदा पोहणं, दोनदा सायकल, दोनदा धावणं, आणि त्यातलं एक धावणं सायकलीला जोडून. एक पूर्ण दिवस मोकळा. पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात पोहणं संध्याकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त पोहणं आणि हलकं धावणं ठेवा, सायकलचा जोराचा सराव गाळा. रात्रपाळी करून सकाळी रस्त्यावर सायकल घालणं धोक्याचं आहे, झोपेनं प्रतिक्रिया मंदावलेली असते. आणि गणपती. आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक दिवस उजाडेपर्यंत चालते. त्या दिवसांत सराव रेटायचा हट्ट धरू नका, विश्रांतीचा आठवडाच तिथे बसवा. नाहीतरी दर चौथ्या आठवड्याला सराव तिसऱ्या हिश्श्यानं कमी करायचाच असतो. पंचांगात चतुर्थी बघा आणि तिथून मागे-पुढे मोजा. विसर्जनानंतरचे दोन दिवस फक्त चालणं.

सायकलीसाठी बेळगावच्या पावसाचा एक स्वभाव लक्षात ठेवा. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे धो-धो कोसळत असताना पूर्वेला सांबरा-बाळेकुंद्रीकडे पुष्कळदा नुसती रिपरिप असते. म्हणून पावसाळ्यात पूर्वेचा रस्ता धरा. रविवारी पहाटे राजहंसगड चढण्याचा आपल्या लोकांना फार मोह. चढानं ताकद येते हे खरं, पण तुमच्या स्पर्धेला २० किलोमीटर एकसारखा जोर ठेवायचा आहे, आणि तो सपाट रस्त्यावरच शिकता येतो. चढावर जोर आपोआप लागतो आणि उतारावर पाय सुटतात. स्पर्धेत असं कुठेच होत नाही. तेव्हा महिन्यातून एकदा गड, बाकी सांबरा रोड.

भातलावणीनंतर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडलेला असतो, त्यावर ब्रेक लावला की सायकल घसरते. ब्रेक आधी सरळ रेषेत लावायचा, वळणात नाही. ऑक्टोबरच्या पुढे निपाणी-चिकोडीकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू होतात, आणि पुष्कळांना मागचा दिवा नसतो. अंधारात त्या रस्त्यांना जाऊ नका. पाऊस अगदीच थांबत नसेल तर घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) ४५ मिनिटं पुरतात: दहा मिनिटं हलकं, मग चार मिनिटांचे पाच जोरदार टप्पे, मधल्या प्रत्येक विश्रांतीत दोन मिनिटं हलकं, शेवटी सात मिनिटं हलकं. जोरदार म्हणजे एक वाक्य तुटक बोलता येईल इतकं. पायडल मिनिटाला ८५ ते ९० फिरले पाहिजेत. जड गिअरवर ६०नं दाबत राहिलात तर धावताना मांड्या दगड होतात.

सायकलीवर पैसे घालायचेच असतील तर टायरवर घाला. हायब्रिडला ४० मिलिमीटरचे खडबडीत टायर असतील तर ३२ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर बसवा, दुकानातून तुमच्या रिमला बसतील याची खात्री करून. ७० किलोच्या माणसाला ६५ ते ७० पीएसआय हवा ठीक, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत. सीटची उंची अशी ठेवा की पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ होतो. पंजा ठेवला की आपोआप हलकासा बाक राहतो. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड स्पर्धेआधी काढा. हँडलच्या टोकांची बुचं शाबूत आहेत का बघा, उघडी नळी असेल तर तपासणीत सायकल अडवतात. क्लिपचे पायडल आत्ता नवीन घेऊ नका. साध्या पायडलवर धावण्याच्याच बुटांनी सायकल चालवली तर बूट बदलायचा वेळही वाचतो.

पावसाळ्यात चालवलेल्या सायकलीची स्पर्धेच्या दोन आठवडे आधी नीट दुरुस्ती हवी. रिमवरच्या ब्रेकच्या रबरात लाल मातीतले खडे आणि धातूचे कण रुततात, ते टाचणीनं काढा, नाहीतर रिम खातात. केबल ओढताना अडकत असेल तर बदला. चेन रॉकेल आणि ब्रशनं धुऊन पूर्ण वाळवा, मग एकेका कडीवर थेंब-थेंब तेल घाला आणि वरचं पुसून टाका. सीटची नळी काढून ग्रीस लावा, पावसानं ती आत गंजून चिकटते. टायरमध्ये काच किंवा तारेचा तुकडा राहिलाय का, ते चिंधीनं आतून फिरवून बघा. आणि पंक्चर स्वतः काढायला शिका. मागचं चाक काढून नवी ट्यूब घालून हवा भरेपर्यंत दहा मिनिटांत झालं पाहिजे. घरी तीनदा केल्याशिवाय ते रस्त्यावर होत नाही.

धावण्याबद्दल तुम्हाला फार सांगायची गरज नाही, एक गोष्ट सोडून. सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. सायकलीत गुडघा आणि कंबर वाकलेली राहते, पाय गोल फिरण्याच्या लयीत असतात, आणि वेगाचा अंदाज चुकतो. तिथे माणूस एकतर फार हळू जातो किंवा, जास्त वेळा, फार जोरात. म्हणून चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एकदा सायकलनंतर पाच मिनिटांच्या आत बूट घालून १० ते २० मिनिटं धावा. पावलं छोटी आणि भराभर. तुमचा १० किलोमीटरचा वेग किलोमीटरला ५ मिनिटं ४८ सेकंद पडतो. किनाऱ्यावर, सायकलनंतर, ६ मिनिटं १५ ते ३० सेकंद धरा, आणि पहिला किलोमीटर त्याहूनही हळू.

इथवरची बेरीज केली तर पोहणं २१-२२ मिनिटं, सायकल ४९, धावणं ३२, आणि मधल्या दोन बदलांना मिळून सहा. पावणेदोन तासांच्या थोडं वर. पहिल्या स्पर्धेला ही चांगली वेळ आहे. हा आकडा वेळमर्यादेशी ताडून पाहा.

उकाड्याचं आता. पावसाळ्यात बेळगावची हवाही ओलसर असते, पण गार असते. ऑक्टोबरात गोव्यात सकाळी आठ-नऊलाच अंगातून पाणी निथळतं आणि हवेतल्या दमटपणामुळे घाम उडत नाही. घाम उडाला तरच अंग थंड होतं, नुसता गळून उपयोग नाही. मग तोच वेग ठेवायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. शरीराला याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. शेवटच्या दोन आठवड्यांत पाच-सहा वेळा ४० ते ५० मिनिटांचा हलका सराव दुपारच्या उन्हात करा, किंवा बंद खोलीत पंख्याशिवाय ट्रेनरवर. हलकाच. गरगरलं किंवा घाम थांबून अंगावर काटा आला तर तिथेच थांबा. तुमचं काम भट्टीजवळचं असेल तर थोडा फायदा आधीच आहे, पण शिफ्टमध्ये शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, तेव्हा सुटल्यावर अर्धा लिटर पाणी थोडं-थोडं पिऊन, तासाभरानंच सरावाला निघा.

पावणेदोन तासांच्या स्पर्धेला डबाभर खाणं लागत नाही. सायकलवर ७५० मिलिलिटरची एक बाटली: ४० ग्रॅम गूळ, अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा मीठ, गाळून. दर दहा मिनिटांनी दोन घोट. ओआरएस वापरणार असाल तर मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. लवकर ताकद येईल म्हणून अर्ध्या लिटरमध्ये घातलं तर ते जास्त तीव्र होतं आणि पोट बिघडतं. जे काही पिणार ते सरावात निदान चार वेळा पिऊन बघितलेलं असावं. स्पर्धेच्या सकाळी अडीच-तीन तास आधी कमी तेलाचं उप्पीट आणि एक केळं, आदल्या रात्री साधा भात-वरण. किनाऱ्यावरच्या हॉटेलातली तिखट थाळी स्पर्धा झाल्यावर खा.

चोर्ला घाटातून जाणार असाल तर पावसानं रस्त्याची काय अवस्था झालीय ते आधी विचारून घ्या, आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. सायकल गाडीत आडवी ठेवताना गिअरची बाजू वर. खाली आली तर मागच्या डिरेल्युअरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर वाकतो आणि गिअर उड्या मारतात. सायकल आदल्या दिवशी जमा करायची असेल तर टायरमधली हवा थोडी कमी करून ठेवा, उन्हात तापून ट्यूब फुटते. पहाटे पंप घेऊन जा आणि पुन्हा भरा. पोचल्यावर संध्याकाळी जीवरक्षक असतील तिथे दहा मिनिटं समुद्रात उतरा. फुटणाऱ्या लाटेला छातीवर घेऊ नका, तिच्याखालून बुडी मारून पलीकडे निघा.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकल ठेवायच्या आणि टप्पा बदलायच्या जागेत, आपली जागा लक्षात ठेवायची ती एखाद्या पक्क्या खुणेवरून, शेजारच्या सायकलीवरून नाही, ती आधीच गेलेली असू शकते. पोहण्याच्या फाटकातून रांगा मोजत एकदा चालून या. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे उघडे. खाली छोटा भडक रंगाचा टॉवेल, त्यावर बूट, बुटांत थोडी टाल्कम पावडर, नाडीऐवजी इलॅस्टिक. नंबर कमरेच्या पट्ट्यावर लावा: सायकलवर मागे, धावताना पुढे. एक क्रम डोक्यात पक्का बसवा: हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात नाही, आणि सायकल परत टांगल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. यात चूक झाली की दंड होतो. माउंट लाइन (सायकलवर बसायची रेषा) ओलांडेपर्यंत सायकल हातानं ढकलायची, परत येताना लाइनच्या आधी उतरायचं. घराच्या अंगणात हे सगळं पाच-सहा वेळा करून बघा.

सकाळी मानेला, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन. स्विमिंग कॅपच्या आत गॉगलचा पट्टा घाला, म्हणजे कुणाचा हात लागला तरी निघत नाही. गडद काचेचा गॉगल घ्या. गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे किनाऱ्याकडे परत येताना उगवतं ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि शेवटची बुई (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसत नाही. किनाऱ्यामागची एखादी उंच इमारत किंवा माडांचा पुंजका आधीच हेरून ठेवा. वेटसूटचा (पोहण्याचा रबरी पोशाख) विचार करायला नको. हौशी स्पर्धकांना एवढ्या अंतराला पाणी २२ अंशांच्या वर असलं की तो चालत नाही, आणि आपल्या किनाऱ्याचं पाणी त्याहून बरंच कोमट असतं.

शिटी वाजल्यावर गर्दीच्या मध्ये शिरू नका. कडेला किंवा मागे उभे राहा, दहा सेकंद जाऊ द्या. पहिले १०० मीटर मुद्दाम हळू. छातीत धडधड वाढली, हवा पुरेना असं वाटलं, तर पाठीवर वळा, तरंगा, दहा लांब श्वास सोडा. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, कुठलाही स्ट्रोक चालतो. बुई किंवा थांबलेली कयाक (मदतीची छोटी होडी) धरून विश्रांती घेता येते, तिच्या आधारानं पुढे सरकायचं मात्र नाही. हात वर केला की कयाकवाला येतो. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच स्पर्धा सोडा.

पाण्यातून बाहेर आल्यावर आडवं असलेलं शरीर एकदम उभं होतं आणि भोवंड येते. शेवटचे ५० मीटर पाय थोडे जास्त मारा, म्हणजे रक्त पायांकडे वळतं, आणि वाळूवर पहिली वीस पावलं चाला. सायकलवर पहिले पाच किलोमीटर हात राखून. पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला हौशी गटात सहसा बंदी असते. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत दहा मीटर, म्हणजे साधारण सहा सायकलींची लांबी. त्या पट्ट्यात शिरलात तर वीस सेकंदांत पुढे निघायचं, नाहीतर मागे सरायचं. आयोजकांचा नियम वेगळा असेल तर तो आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये सांगतात. ते ब्रीफिंग चुकवू नका.

घरी परतल्यावर त्याच रात्री सायकल गोड्या पाण्यानं धुवा, चेन कोरडी करून तेल लावा. ओल्या अंगावरचं खारं पाणी हेडसेटवर (हँडलखालचं बेअरिंग) आणि बोल्टवर ठिबकलेलं असतं, आणि दोन दिवस तसंच राहिलं तर गंज चढतो. सोमवारी पहिली शिफ्ट असेल तर रजा आत्ताच टाकून ठेवा.